बदललेला गुडघा पुन्हा बदलताना

आपल्या वार्षिक अहवालात हिशेबपत्रकांच्या अगोदर एखादा आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. आजवर तो आमच्या डॉक्टर मंडळींपैकी कोणी ना कोणी लिहीत आले. यंदा ही जबाबदारी प्रशासन विभागाकडे आली, त्याला एक कारण घडले. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत रुग्ण साहाय्य निधीचे खाते वाचले जात असताना एका ज्येष्ठ विश्वस्तांनी एका नोंदीवर बोट ठेवले आणि विचारले, "एकाच बाईंच्या एकाच गुडघ्यासाठी दोनदा रक्कम कशी गेली? आणि तो गुडघा तर पूर्वीच बदललेला होता ना?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. परंतु ते उत्तर अपुरे होते, याची जाणीव आम्हांस राहिली. ज्या देणगीदारांच्या पैशातून ती रक्कम गेली त्यांनाही तोच प्रश्न पडू शकेल. म्हणून हे सविस्तर निवेदन. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शस्त्रक्रियागृहात आमचा वावर साहित्याच्या साठा-नोंदवहीपुरता. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या अस्थिरोग विभागाने तपासून दिला आहे. भाषा आणि मते मात्र आमची आहेत.

गुडघा बदलतात म्हणजे काय करतात

गुडघा बदलला म्हटले की पाय मधोमध तोडून लोखंडी सांधा बसवला, असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बदलतात ती हाडांची टोके. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवर निसर्गतः कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासू लागते. शस्त्रक्रियेत झिजलेला भाग सुमारे आठ-दहा मिलिमीटर जाडीचा काढला जातो. दंतवैद्य दातावर टोपी बसवतात तशी मांडीच्या हाडावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची टोपी बसते, नडगीवर धातूची तबकडी बसते आणि या दोहोंमध्ये अत्यंत चिवट अशा पॉलिथिलीनची गादी येते. आवश्यकता वाटल्यास गुडघ्याच्या वाटीच्या आतील बाजूसही एक चकती बसवतात. हे सर्व हाडाला चिकटवण्यासाठी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक जातीचे अस्थिसिमेंट वापरतात. दातांच्या कवळ्या ज्या पदार्थाच्या बनतात त्याचेच हे भावंड. स्नायू, रक्तवाहिन्या आणि दोन्ही बाजूंचे बंध रुग्णाचे स्वतःचेच राहतात. सांधा किती टिकेल हे धातूइतकेच या बंधांवर आणि भोवतालच्या हाडावर अवलंबून असते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

कल्पना जुनी आहे. बर्लिन येथील थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यचिकित्सकांनी १८९० मध्ये क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीवजा सांधा बसवून पाहिला. जंतुसंसर्गाने तो प्रयोग फसला. शंभराहून अधिक वर्षांनंतर आजही कृत्रिम सांध्याचा सर्वांत मोठा वैरी जंतुसंसर्गच आहे, हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले होते. पुढे इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी अस्थिसिमेंटचा वापर रूढ केला आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी' या संस्थेत आजच्या गुडघ्याचा मूळ नमुना प्रथम बसवण्यात आला. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच डॉ. राणावत यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. ती बातमी दूरदर्शनवर आपल्या खेड्यापाड्यांतून पाहिली गेली. त्यानंतर बाह्यरुग्ण विभागात येऊन "वाजपेयींचं केलं तसं माझंबी करा" म्हणणारे वृद्ध आमच्या जुन्या कर्मचाऱ्यांना अजून आठवतात.

आपल्या जिल्ह्यात गुडघे का झिजतात, हे सांगण्यास तज्ज्ञांची गरज नाही. उकिडवे बसणे, गुडघ्यांवर टेकून काम करणे आणि वजन उचलणे या तिन्ही गोष्टींनी गुडघ्याची झीज लवकर होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. धारूर, केज, पाटोदा, वडवणी, शिरूर कासार या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जाणारे नवरा-बायकोचे कोयते या तिन्ही गोष्टी करतात. वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढायचे. पस्तीस-चाळीस हंगाम काढलेल्या बाईंचा गुडघा साठीच्या आतच बोलू लागला, तर नवल ते काय.

घसारा लागत नाही, तरी सांधा का बिघडतो

आम्ही हिशेबाची माणसे यंत्र विकत घेतले की त्याला ठरावीक दराने घसारा लावतो. दहा-पंधरा वर्षांत खात्यावर त्याची किंमत नाममात्र उरते. कृत्रिम सांध्याबाबतही लोकांची अशीच समजूत असते: "दहा वर्षांची गॅरंटी, मग संपला." ही समजूत बरोबर नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदींवर आधारित अभ्यासानुसार संपूर्ण गुडघा सांधेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. म्हणजे बहुसंख्य रुग्णांना पहिलाच सांधा आयुष्यभर पुरतो.

मात्र वयाचा विचार करावा लागतो. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांपैकी सुमारे ५ टक्के लोकांनाच पुढील आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागते. पन्नाशीच्या सुरुवातीस बदललेल्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत जाते. "आत्ताच करून टाका" असा आग्रह धरणाऱ्या पन्नाशीतील रुग्णांना आमचे डॉक्टर वजन, व्यायाम आणि औषधे यांवर आणखी काही वर्षे काढावयास सांगतात, त्यामागे हे गणित आहे. डॉक्टर टाळाटाळ करतात, अशी तक्रार त्यावरून आमच्याकडे अनेकदा येते; ती आम्ही वाचतो आणि डॉक्टरांच्या बाजूने उत्तर देतो.

बिघाडाची कारणे अनेक आहेत. पॉलिथिलीनच्या गादीचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षे सुटत राहतात. शरीरातील पेशी ते गिळू पाहतात आणि त्या झटापटीत सांध्याभोवतीचे हाड विरघळते. हाड विरघळले की सिमेंटची पकड सुटते. कधी बाजूचे बंध सैल पडून चालताना गुडघा लचकतो, कधी उलट तो आखडून वाकेनासा होतो. कधी रुग्ण न्हाणीघरात घसरून पडतो आणि धातूच्या टोपीच्या किंचित वर मांडीचे हाड मोडते. परंतु पहिल्या काही वर्षांतील पुनर्शस्त्रक्रियांमागे प्रमुख कारण जंतुसंसर्गाचे असते, आणि तो केवळ शस्त्रक्रियेच्या वेळी होतो असेही नाही. पायाच्या भेगेतून, उसाच्या पात्याने झालेल्या जखमेतून, किडलेल्या दातातून किंवा मूत्रमार्गातून जंतू रक्तात शिरतात आणि दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या निर्जीव धातूवर जाऊन घर करतात. तेथे ते आपल्याभोवती चिकट पडदा विणतात. या पडद्याआड प्रतिजैविकांचा प्रभाव फारच थोडा पडतो. मधुमेही रुग्णांत हा धोका अधिक असतो.

केज तालुक्यातील एक आजी

बैठकीत ज्यांच्या नोंदीवर बोट ठेवले गेले, त्या आजींची हकीकत आता सांगतो. नाव-गाव अर्थातच देत नाही. हे सर्व छापण्यास त्यांनी व त्यांच्या मुलाने संमती दिली आहे.

आजींचा उजवा गुडघा २०१५ मध्ये जिल्ह्याबाहेरील एका रुग्णालयात बदलला गेला होता. आठ वर्षे त्यांना काहीही त्रास नव्हता. घरचे दळण, शेळ्या, नातवंडे, सर्व काही त्या करीत. २०२३ च्या पावसाळ्यात टाचेच्या भेगेत चिखल जाऊन पाय पिकला. तो घरगुती उपायांनी बरा झाला. त्यानंतर काही दिवसांनी गुडघा सुजला, गरम लागू लागला आणि पाय टेकवेना. मुलाने त्यांना मोटारसायकलवर बसवून आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणले.

येथे आमची चूक झाली. त्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ नव्हते. उपस्थित डॉक्टरांनी प्रतिजैविकांच्या व वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि आजी घरी गेल्या. सूज उतरली. गोळ्या संपताच पुन्हा आली. गावातल्या गावात त्याच गोळ्यांचा आणखी एक डोस झाला. तीन आठवड्यांनंतर त्या परत आल्या, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढला. त्यात फारसे काही दिसले नाही. रक्तातील सी.आर.पी. मात्र बरेच वाढलेले होते. सांध्यातील पाणी सुईने काढले तर ते गढूळ निघाले, पेशींची संख्या भरपूर होती, पण प्रयोगशाळेत जंतू वाढलेच नाहीत. गोळ्यांनी जंतू मारले नव्हते, फक्त दडवले होते. आजींची प्रकृती स्थिर असल्यामुळे दोन आठवडे प्रतिजैविके पूर्ण बंद ठेवून पुन्हा पाणी काढले, तेव्हा कोठे स्टॅफिलोकॉकस जंतू सापडला आणि त्यावर कोणते औषध चालेल हे कळले.

या आठवड्यांची किंमत काय, ते नीट सांगणे आवश्यक आहे. सांध्यात संसर्ग नुकताच शिरला असेल आणि सांधा हाडाला घट्ट धरून असेल, तर लवकर शस्त्रक्रिया करून सांधा स्वच्छ धुता येतो, मधली पॉलिथिलीनची गादी तेवढी बदलता येते आणि प्रतिजैविके देऊन धातूचे भाग वाचवता येण्याची शक्यता असते. ही संधी लक्षणे सुरू झाल्यापासून जेमतेम तीन-चार आठवडे राहते. आजी प्रथम आल्या त्या दिवशी सुई घातली असती, तर सांधा वाचलाच असता असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु ती संधी तरी मिळाली असती. ती आमच्या हातून गेली. यानंतर आम्ही बाह्यरुग्ण विभागात एक लेखी सूचना लावली: सांधा बदललेला गुडघा अथवा खुबा सुजून अथवा दुखून आल्यास रुग्णाची प्रकृती गंभीर नसेल तर सांध्याचे पाणी तपासणीस घेईपर्यंत प्रतिजैविक देऊ नये, आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दूरध्वनी करावा. सूचना चार ओळींची आहे. ती पूर्वीच लावावयास हवी होती.

मुलाला हे सर्व समजावून सांगणे कठीण गेले. त्याचे म्हणणे साधे होते. "साहेब, गुडघा खराब निघाला. पाटी बदलायची तेवढी बदलून द्या, कंपनीकडून भरून घ्या." सांधा खराब निघाला नव्हता, आठ वर्षे त्याने उत्तम काम केले होते. पण जंतूंनी व्यापलेला धातू तसाच ठेवून केवळ एखादा भाग बदलून आता उपयोग नव्हता. सर्व काही काढावे लागणार होते, आणि तेही दोन टप्प्यांत.

दोन टप्पे कशासाठी

विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पहिल्या शस्त्रक्रियेत जुना सांधा, सिमेंटचा प्रत्येक तुकडा आणि संसर्ग झालेल्या पेशी काढून टाकतात. बारीक करवती आणि पातळ छिन्न्यांनी सांधा हाडापासून सोडवताना हाड कमीत कमी जावे, यासाठी तासन्‌तास खर्च होतात. मोकळ्या जागेत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. तो जागाही राखतो आणि तेथल्या तेथे औषधही सोडत राहतो. त्यानंतर बहुधा सहा आठवडे शिरेवाटे व तोंडाने प्रतिजैविके द्यावी लागतात. रक्ताचे अहवाल सुधारले, जखम कोरडी राहिली, की दुसऱ्या शस्त्रक्रियेत ठोकळा काढून नवा सांधा बसवतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९७० च्या दशकापासून हे काम एकाच टप्प्यात करण्याची पद्धत विकसित झाली आहे आणि निवडक रुग्णांत ती चांगली चालते. पण जंतूची ओळख आधीच पक्की असणे, हाड व त्वचा चांगली असणे अशा तिच्या अटी आहेत. आजींच्या बाबतीत तज्ज्ञांनी दोन टप्पे पसंत केले.

दुसऱ्यांदा बसवावयाचा सांधा पहिल्यासारखा नसतो. हाड झिजलेले, पोखरलेले असते. ती तूट भरण्यासाठी धातूच्या पाचरी किंवा सच्छिद्र धातूचे शंकू लागतात; पकड मिळावी म्हणून हाडाच्या पोकळीत खोल जाणारे दांडे लागतात; बंध निकामी झाले असतील तर स्वतःचा आधार असणारा, प्रसंगी बिजागरीचा सांधा लागतो. नक्की काय लागेल हे जुना सांधा काढल्यावरच कळते. म्हणून सर्व आकारांचे साहित्य शस्त्रक्रियागृहात तयार ठेवावे लागते. आमच्या रुग्णालयात पहिल्यांदाची सांधेरोपणे होतात, परंतु अशी पुनर्शस्त्रक्रिया करण्याइतकी सामग्री व अनुभव आमच्याकडे नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. दोन्ही शस्त्रक्रिया पुण्यातील एका मोठ्या केंद्रात झाल्या. मधले आठवडे आजी आमच्या सामान्य कक्षात होत्या आणि इंजेक्शने येथेच झाली.

हे आठवडे कुटुंबाला सर्वांत जड गेले. पहिली शस्त्रक्रिया ऑक्टोबरमध्ये झाली. मुलाने व सुनेने मुकादमाकडून उचल घेतलेली होती. कारखान्याचा हंगाम तोंडावर होता. कोयता गेला नाही तर उचल फेडायची कशी, आणि गेला तर आईजवळ कोण? मुलगा आमच्या कार्यालयात बसून राहिला. शेवटी म्हणाला, "दुसरं आप्रेशन पाडव्यानंतर केलं तर?" पाडवा म्हणजे पुढच्या वर्षाचा एप्रिल. सिमेंटचा ठोकळा ठेवून इतके महिने काढले तर हाड आणखी झिजते, स्नायू आखडतात, असे तज्ज्ञांचे मत पडले. मग आजींची बहीण धारूरहून आली, अंबाजोगाईस शिकणारी एक भाची शनिवार-रविवारी येऊ लागली आणि आमच्या मावशींनी, म्हणजे कक्षसेविकांनी, उरलेली पाळी आपसांत वाटून घेतली. कोयता गेला. दुसरी शस्त्रक्रिया डिसेंबरमध्ये झाली, त्या दिवशी मुलगा फडातून रात्रीच्या गाडीने पुण्यास पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. अशा गोष्टींना आमच्या हिशेबपत्रकात रकाना नाही.

दुखणे आहे, पण कारण सापडत नाही

थोडे विषयांतर करून एक इशारा देणे आवश्यक वाटते. सांधा बदलल्यानंतर दर पाच रुग्णांपैकी साधारण एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, असे जगभरातील अनुभव सांगतात. अशा रुग्णांना वाटते, हा सांधा चुकला, दुसरा बसवा. परंतु गुडघ्याचे दुखणे कधी कमरेच्या मणक्यातून येते, कधी खुब्याच्या सांध्यातून. शस्त्रक्रियेनंतरची दुखणी वर्षभरातही हळूहळू कमी होत जातात. कारण निश्चित न करता केवळ दुखते म्हणून सांधा पुन्हा उघडला, तर गुण येण्याची आशा फार थोडी असते आणि धोका मात्र पुरता पत्करावा लागतो. जे डॉक्टर "अगोदर कारण शोधू" म्हणतात, त्यांच्याकडेच राहावे. पुनर्शस्त्रक्रियेनंतर गुडघा पहिल्यासारखा वाकेल, मांडी घालता येईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. पहिल्या सांधेरोपणाचा लाभ मोठा असतो, दुसऱ्याचा त्याहून कमी, आणि तिसऱ्याचा आणखी कमी.

पैशाची बाजू

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची सरासरी किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती. ती कर वगळून ५४,७२० रुपयांवर आली. पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याची सरासरी २,७६,८६९ रुपयांवरून ६२,७७० रुपयांवर आली. पुढे या मर्यादेला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. आजींचा पहिला सांधा या आदेशापूर्वीचा होता. त्यासाठी कुटुंबाने दीड एकर जमीन गहाण टाकली होती, असे मुलाने सांगितले.

तरीही सांध्याची किंमत म्हणजे पुनर्शस्त्रक्रियेचा खर्च नव्हे, हे देणगीदारांनी ध्यानात घ्यावे. दोन वेळा भूल, दोन वेळा शस्त्रक्रियागृह, रक्त, सहा आठवड्यांची इंजेक्शने, वारंवार तपासण्या, फिजिओथेरपी, पुण्याचे येणे-जाणे हा सर्व खर्च सांध्याच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो.

शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आली. कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते, याची यादी बदलत असते. म्हणून शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्रांना आधी भेटावे आणि मगच दाखल होण्याची तारीख घ्यावी. दाखल झाल्यावर धावपळ करणारे नातेवाईक आम्ही रोज पाहतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ठरलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आजींचे आमच्या कक्षातील आठवडे या निधीतून भागले. पुण्यातील खर्चाला तो निधी आम्ही लावला नाही. तेथील जो भाग योजनेत व त्या केंद्राच्या सवलतीत बसला नाही, तो देणगीदारांच्या रुग्ण साहाय्य निधीतून दोन हप्त्यांत दिला. विश्वस्तांना दिसलेल्या दोन नोंदी त्या ह्याच. या रकमेत दोन-तीन नवीन रुग्णांच्या सांधेरोपणास साहाय्य करता आले असते, असे एका सदस्यांनी म्हटले आणि ते खरे आहे. आमचे मत एवढेच की, नवीन रुग्ण काठीच्या आधाराने वर्षभर थांबू शकतो. संसर्ग झालेला सांधा थांबत नाही. उपचार झाला नाही तर सांधा कायमचा आखडून टाकण्याची अथवा क्वचित प्रसंगी पाय मांडीपासून काढण्याची पाळी येते.

एक स्टिकर

शेवटी कागदपत्रांविषयी. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनीचे नाव, नमुना, आकार आणि उत्पादन क्रमांक छापलेले स्टिकर असतात. शस्त्रक्रियेनंतर ते रुग्णाच्या कागदांत चिकटवले जातात. २०१७ च्या आदेशानंतर बिलातही सांध्याचा तपशील स्वतंत्रपणे लिहिणे बंधनकारक झाले. पुढे केवळ गादी बदलावयाची असेल, तर ती त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची लागते; दुसऱ्या कंपनीची तबकडीत बसत नाही. जुना सांधा काढण्याची अवजारेही नमुन्याप्रमाणे लागतात. स्वीडनने १९७५ पासून देशातील बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली आहे. कोणता सांधा लवकर बिघडतो, हे जगाला अशाच नोंदींमुळे कळू लागले. आपल्याकडे अशी नोंद शल्यचिकित्सकांच्या संघटनेने सुरू केलेली आहे, पण ती ऐच्छिक आहे.

आजींच्या घरी आधार कार्ड आणि शिधापत्रिका प्लॅस्टिकमध्ये घालून तुळईला बांधून ठेवलेल्या होत्या. २०१५ ची फाईल मात्र कोठीत होती. घर सहा महिने बंद राहते; परत आल्यावर पाहिले तर वाळवीने फाईलची माती केलेली. आमच्या लिपिकाने जुन्या रुग्णालयास तीन पत्रे लिहिली, दूरध्वनी केले. अखेर एक्स-रेवरील आकारावरून पुण्याच्या तज्ज्ञांनी सांधा कोणत्या कंपनीचा असावा हे ओळखले. त्यात दहा दिवस गेले.

आजी आता वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. गुडघा काटकोनाच्या थोडा अलीकडे थांबतो. खाली बसता येत नाही, म्हणून मुलाने घराच्या मागे खुर्चीचे संडास बांधून घेतले. उचलीचे पैसे अजून फिटायचे आहेत. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अंबाजोगाईस येते, तेव्हा त्या भाचीबरोबर जाऊन रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या, असे त्यांनी मागील तपासणीस सांगितले. दर सहा महिन्यांनी त्यांचे रक्त तपासले जाते. आजवरचे अहवाल ठीक आहेत.

आमच्या रुग्णालयात सांधा बदललेल्या प्रत्येक रुग्णास स्टिकरची एक प्रत आता प्लॅस्टिकच्या पाकिटात देण्यात येते व दुसरी अभिलेख कक्षातील स्वतंत्र नोंदवहीत चिकटवली जाते. अन्यत्र सांधा बदललेल्या रुग्णांचीही नोंद या वहीत विनामूल्य घेतली जाईल. डिस्चार्ज कार्ड, बिल व एक्स-रे यांपैकी जे हाती असेल ते घेऊन अभिलेख कक्षात यावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनी शक्यतो दसऱ्यापूर्वी यावे.